धुळीखालचा आठ

मित्रांनो, मी एक जुनी नंबरप्लेट आहे. पुढची नव्हे, मागची. गाडीला आम्ही दोघी असतो, एकाच दुकानात एकाच यंत्राखाली दाबून काढलेल्या सख्ख्या बहिणी. आमचं भांडण कधीच नव्हतं, तरी जन्मभर आम्ही एकमेकींचं तोंड पाहिलं नाही. तिला पुढचा रस्ता दिसायचा आणि मला मागे राहिलेली माणसं.

आज मी एका गॅरेजच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेली आहे. नव्या धर्तीच्या प्लेटा आल्या आणि आम्हाला रजा मिळाली. माझा एक कोपरा वाकला आहे, रंगाचे पोपडे निघाले आहेत. सायकलीत हवा भरायला येणारी मुलं कधी कधी माझ्यावर खडूनं रेघा ओढतात. मला त्याचा राग येत नाही. कोणी आपल्याकडे बघतंय, एवढ्यावर मी खूश असते.

माझ्या मालकाला सगळे लंबू म्हणत. तो इतका उंच होता की गाडीत बसताना आधी मान घालायचा आणि मग उरलेला लंबू आत ओढून घ्यायचा. त्यानं मला स्क्रूनं घट्ट बसवलं, तेव्हा जमिनीवर मांडी ठोकून बसला होता. काम झाल्यावर लांब जाऊन त्यानं माझ्याकडे बघितलं आणि बायकोला म्हणाला, "नंबर छान मिळालाय." छान म्हणजे काय ते त्याला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं, पण माझ्या अंगावर मात्र मूठभर मांस चढलं. सुरुवातीला रोज सकाळी तो मला फडक्यानं पुसायचा.

मग लंबूच्या गाडीत ते फोनवरचं अ‍ॅप आलं. लोक घरबसल्या बोलावत आणि लंबू धावत सुटे. उतरताना प्रवासी फोनवर तारे देत, म्हणून काचा लखलखीत, सीटवर धुतलेली खोळ, आत सुगंधी डबी. माझ्या वाट्याला काय? सीटच्या खोळीला तारे मिळत होते, मला कोण देणार? लंबूचं फडकं मागच्या काचेपर्यंत यायचं आणि तिथूनच परत फिरायचं. अशात आमच्या गल्लीचा रस्ता खोदला गेला. सिमेंटचं पाणी माझ्या अंगावर उडालं आणि तिथेच वाळलं. माझा शेवटचा आकडा इंग्रजी आठ. त्याची डावी बाजू नेमकी झाकली गेली आणि मी लोकांना तीन दिसू लागले. मला फार वाईट वाटायचं. ज्या कामासाठी जन्माला आले, तेच हातून होत नव्हतं.

अशा दिवसांत एके सकाळी आम्ही स्टेशनबाहेर एका मावशींना न्यायला गेलो. लंबू थोडा पुढे जाऊन थांबला, त्यामुळे त्या मला समोरच दिसत होत्या. हातात कापडी पिशवी, गळ्यात विसरून राहिलेली मापाची टेप. त्या शिवणकाम करत. धाकट्या बहिणीचं ऑपरेशन होतं, म्हणून रात्रभर प्रवास करून त्या प्रथमच या शहरात आल्या होत्या. बहिणीची मुलगी, म्हणजे त्यांची भाची, दवाखान्यात आईजवळ होती. मागे गावी आली होती तेव्हा तिनं मावशींच्या फोनवर अ‍ॅप घालून दिलं होतं आणि गाडी मागवायला शिकवलं होतं.

आता मावशींच्या गावची पद्धत अशी, की गाडीतळावर उभं राहायचं आणि आपण कोण, कुठे निघालो, कशासाठी निघालो ते मोकळ्या आवाजात सांगायचं. मग कोणीतरी म्हणतं, "बसा, मी तिकडेच चाललोय." त्या सवयीनं मावशी फोनवर भाचीशी अशा बोलल्या, की अख्ख्या तळाला नावगावासकट कळलं. "आले गं. धाकटीला सांग, ताई आली. मोठ्या दवाखान्यातच यायचं ना? ऑपरेशनला नेलं नाही ना अजून?"

फोनचा आवाज मोठा होता, म्हणून भाचीचंही मला ऐकू आलं. "मावशी, आई ऐकतच नाहीये. ताईला बघितल्याशिवाय आत जाणार नाही म्हणते. डॉक्टर थांबलेत, पण आजची वेळ गेली तर पुढे कधी मिळेल ते सांगता येत नाही म्हणतात."

तेवढ्यात मावशींच्या पुढ्यात एक पांढरी गाडी येऊन उभी राहिली. आतला माणूस हसून म्हणाला, "मावशी, मोठ्या दवाखान्यात ना? धाकट्या बहिणीचं ऑपरेशन. भाचीनंच पाठवलंय मला. बसा पटकन."

मावशींचा चेहरा उजळला. परक्या शहरात कोणीतरी घरचं बोललं. त्यांनी दार उघडून पिशवी सीटवर ठेवली आणि एक पाय आत टाकला. मी गाडीमागे टांगलेली, ना तोंड ना हात. माझा जीव नुसता टांगणीला लागला.

"मावशी, गाडीचा नंबर वाच बघू," भाची फोनवर म्हणाली.

मावशींनी पाय बाहेर काढला, पुढे जाऊन नंबर वाचला. एकही आकडा जुळला नाही.

"ती गाडी बिघडली," तो माणूस म्हणाला. "म्हणून ही आणली. ते अ‍ॅपवरचं रद्द करून टाका, म्हणजे झालं."

"पिशवी काढ आणि लांब हो," भाची म्हणाली. "मी कोणालाच पाठवलेलं नाही."

मावशींनी पिशवी काढली. पांढरी गाडी निघून गेली. तो माणूस नुसता गिऱ्हाईक पळवणारा होता की आणखी काही, ते मला आजही माहीत नाही. माहीत करून घ्यायची वेळ मावशींवर आली नाही, हे बरं झालं.

मग त्या माझ्यासमोर आल्या. एकेक अक्षर बोटानं दाखवत वाचू लागल्या, आणि शेवटच्या आकड्याशी थबकल्या. "फोनवर आठ आहे. इथे तीन आहे."

लंबू बाहेर आला. आता तुम्हाला सांगायलाच हवं, की अ‍ॅपवरच्या फोटोत लंबूला झुबकेदार मिशी होती आणि प्रत्यक्षात ओठांवर काहीच नव्हतं. मावशींनी फोटो बघितला, लंबूला बघितलं, पुन्हा फोटो बघितला. "कोणाला न्यायला आलात?" त्यांनी विचारलं. लंबूनं नाव बरोबर सांगितलं. पण त्यांचं सगळं तर आता साऱ्या तळाला ठाऊक झालं होतं.

"अहो मावशी, मीच तो," लंबू काकुळतीला येऊन म्हणाला. "सगळे आकडे जुळतायत. एका आकड्यानं काय होतंय?"

"गळा एक बोट कमी कापला ना दादा, तर डोकं आत जात नाही," मावशी म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "माझी धाकटी तिकडे अडून बसलीय. मला काय उशीर करायची हौस आहे? पण मीच पोचले नाही तर तिला आत कोण पाठवणार?"

त्या वाकल्या. मला इतक्या जवळून कोणी बघितल्याला किती काळ लोटला होता. त्यांनी नखानं खरवडून पाहिलं, मग पाण्याची बाटली उघडली, रुमाल भिजवला आणि मला घासू लागल्या. आईनं लेकराचं तोंड पुसावं तसं, जरा दटावून. वाळलेलं सिमेंट सुटलं आणि माझा आठ उघडा पडला.

"आठच आहे गं," त्या फोनमध्ये म्हणाल्या.

लंबू पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत उभा होता.

मावशी मागच्या सीटवर बसल्या, मगच त्यांनी प्रवास सुरू करायला अ‍ॅपनं फोनवर पाठवलेला आकडा लंबूला सांगितला आणि गाडी कुठे चालली आहे ते भाचीलाही तिच्या फोनवर दिसेल असं केलं. वाटेत नकाशावरचा बाण रेघ सोडून गेला, तेव्हा त्यांनी सरळ विचारलं. लंबूनं पुढचा बंद रस्ता दाखवला. त्यांनी तेही भाचीला कळवलं.

"मिशी का काढलीत?" मावशींनी विचारलं.

"धाकटी लेक पापा देईना. टोचते म्हणते."

"मग बरं केलंत. पण फोटोही बदला."

दवाखान्याच्या पायऱ्यांपाशी त्या उतरल्या. गाडी पुढे सरकली आणि मला सगळं दिसलं. दारातच चाकांच्या खुर्चीवर त्यांची बहीण बसली होती, डोक्याला हिरवी टोपी, हाताला पट्टी. नर्स एकीकडे ओढत होती आणि ती चाक धरून बसली होती.

"किती उशीर, ताई?"

"पाटी पुसत होते," मावशी म्हणाल्या.

बहिणीला काही कळलं नाही, पण ती हसली आणि तिनं चाक सोडलं. मावशी तिचा हात धरून खुर्चीबरोबर आत गेल्या.

ऑपरेशन नीट झालं. घरी न्यायच्या दिवशी योगायोगानं लंबूचीच गाडी आली. लंबूनं मला चकचकीत पुसलं होतं आणि फोटोही नवा लावला होता. बहीण अजून अशक्त होती, तिला कधी एकदा टेकते असं झालं होतं. तरी मावशींनी तिला खांद्याशी धरून उभं केलं आणि मला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं.

"अगं ताई, ओळखीचाच आहे ना तो?"

"ओळखीचाच आहे. पण इतक्या मुश्किलीनं परत मिळालीस तू मला. न वाचता कुठे बसवू?"

मित्रांनो, मला दुसरं काही मागायचं नाही. परक्या शहरात तुम्ही गाडी बोलवाल, तुम्हाला घाई असेल, आणि कोणीतरी गोड बोलून दार उघडेल. तेव्हा जरा वाकून आमच्याकडे बघा. मळलेल्या असलो तर पुसा. तिकडे कोणीतरी खुर्चीचं चाक धरून तुमची वाट बघत असेल. ते थोडं आणखी थांबेल.