बाबांच्या बाजूची नावं

माझा धाकटा भाऊ चिन्मय पुण्यातल्या एका कंपनीच्या वेब सर्व्हिस सांभाळतो, तेही बुलढाण्यात, आमच्या गच्चीवरच्या खोलीत बसून. म्हणजे नेमकं काय करतो, हे आईला अजून कळलेलं नाही. तिच्या मते तो मीटिंगमध्ये असतो. तर या पठ्ठ्याने ठरवलं, की स्वतःच्या लग्नाची आमंत्रणंसुद्धा वेब सर्व्हिसच पाठवणार. ती एकेक नाव उचलणार, आमंत्रणात घालणार आणि ज्याच्या त्याच्या मोबाइलवर धाडणार. माहेरची नावं आईने आपल्या मोबाइलवर लिहून दिली, घराण्याची बाबांनी संगणकावर. बटण दाबून साहेब पेढा खायला खाली आले.

पेढा तोंडात असतानाच चिखलीहून सुलभाआत्याचा फोन आला. आत्या बाबांची थोरली बहीण. आमच्याकडे नवरदेवाला पहिली हळद आत्या लावते, आणि हळद रविवारवर आली होती. फोन बिचाऱ्या आईनेच उचलला.

“काय वो छाया, माह्यं नाव काय आहे?”

“असं काय विचारता, ताई?”

“मंग हे ‘आदरणीय एल क्यू वाय एच के के’ कोण? वामनभाऊले तसंच आलं, धाड गावच्या काकूले तसंच आलं. अन् तुह्या माहेरच्यांची नावं झकास! आमच्याच बाजूची चिंधी काऊन? मी नाही येत हळदीले.”

आईने फोन ठेवला आणि मेथी निवडायला बसली. काड्या भांड्यात आणि पानं कचऱ्यात चालली होती. इतकी वर्षं नणंदेचं मन राखलं आणि शेवटी हे ऐकायला लागलं. मला भावाचा असा राग आला की काय सांगू.

“एन्कोडिंगचा प्रॉब्लेम आहे,” चिन्मय म्हणाला. डॉक्टर ‘व्हायरल आहे’ म्हणतात ना, अगदी तसं. मग त्याने मला समजावलं. संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. कोणता आकडा म्हणजे कोणतं अक्षर, हे पाठवणाऱ्याने आणि घेणाऱ्याने सारखंच मानलं पाहिजे. नाही मानलं की कचरा. बाबांच्या संगणकावर नावं स्वच्छ मराठीत दिसत होती, म्हणजे वाटेत कुठेतरी बिघडत असणार. त्याने सर्व्हर तपासला, डेटाबेस तपासला, मेसेज पाठवणाऱ्या कंपनीशी इंग्रजीत भांडला. सगळं ठणठणीत होतं. आई मात्र जेवत नव्हती.

शेवटी मीच म्हटलं, “अरे, आत्याचं भांडण तरी नीट ऐक. एकाच बाजूची नावं बिघडली म्हणते ती. तुझ्या सर्व्हरला आईचं माहेर ओळखू येतं का?”

चिन्मयने माझ्याकडे पाहिलं आणि तीन-तीन पायऱ्या गाळत खाली गेला.

बाबा कोर्टातून निवृत्त झालेले लिपिक. त्यांनी नावं टाइप केली होती कचेरीतल्या जुन्या फॉन्टात. त्या फॉन्टात आत असतात इंग्रजीच अक्षरं, वरून फक्त मराठी मुखवटे. बाबांच्या संगणकाकडे मुखवटे होते. आत्याच्या मोबाइलकडे कुठून असणार?

“कोर्टात कधी तक्रार नाही आली,” बाबा म्हणाले.

“तिथे तुम्ही कागदावर छापून देत होता, बाबा!”

चिन्मयने नावं युनिकोडमध्ये, म्हणजे सगळे मोबाइल सारखेच मानतात त्या आकड्यांत, बदलली आणि पुन्हा पाठवली. या वेळी ‘आदरणीय सुलभाआत्या’ अगदी ठसठशीत गेलं. आत्याचा फोन आला. “नाव सुधारलं. पण छायानं केलं ते केलंच.”

यंत्रणा दुरुस्त झाली होती, आई नव्हती. आम्ही दोघांनी बाबांकडे पाहिलं. थोरल्या बहिणीला हा माणूस अजून टरकतो. पण त्याने आईच्या मेथीकडे पाहिलं, केस विंचरले आणि चिखलीची एसटी पकडली. संध्याकाळी परत आला तेव्हा कान लाल होते.

रविवारी आत्या आली. उंबऱ्यातूनच बाबांकडे बोट करून सुरू झाली, “याले टायपिंगच्या क्लासले घाला म्हणून आमच्या बापाच्या मागं मीच लागली होती! मले काय माहीत, माह्याच नावाची वाट लावीन म्हणून!”

बाबा मंडपाचे दोर तपासायला बाहेर गेले.

चिन्मय पाटावर बसला, गाल पुढे केला. आत्याने वाटीत बोटं बुडवली आणि वळली. आई दाराशी, बायकांच्या मागे उभी होती. आत्या तिथवर गेली आणि तिच्या दोन्ही गालांना हळद लावली.

“पहिली तुले,” ती म्हणाली. “मी उगाच बोलली.”

आईला रडू फुटलं. तिच्या गळ्यात पडून आत्याही रडली, आणि मग मीही. नवरदेवाचा गाल तसाच कोरडा.

“आत्या, मी?”

“थांब बे,” आत्या डोळे पुसत म्हणाली. “तुह्या मशीनले सांग लावाले.”