दुसऱ्या शेडचं पाणी

बाबा दुसऱ्या शेडच्या दाराशी उभे होते आणि आत जात नव्हते. स्वतःच्याच नर्सरीत, परक्याच्या घरी आल्यासारखे, हात पाठीमागे बांधून. आत आई पिटुनियाची रोपं ट्रेमधून काढून कुंड्यांत लावत होती आणि ते बाहेरून सूचना देत होते.

"जरा खोल. अगं, पुरू नकोस, बसव."

"एवढं कळतंय तर या की आत," आई मान वर न करता म्हणाली. "दारात पहारा कशाला?"

"माझा हात नको या रोपांना."

"ऐकलंस?" आईने लेकीला साक्षीला ओढलं. "जन्मभर मला लावू दिलं नाही. म्हणे तू रोपाचा गळा दाबतेस. आता मीच तज्ज्ञ!"

लेक पाण्याचे नमुने घ्यायच्या बाटल्या घेऊन आली होती. ती हसली आणि टाकीकडे वळली. वळताना बाबांच्या चेहऱ्याकडे बघायचं तिने टाळलं. अलीकडे हे तिला सफाईने जमायला लागलं होतं.

रोपांना दिलेलं पाणी कुंड्यांतून झिरपून खालच्या पन्हाळीत पडतं, तिथून हौदात जातं. तेच पुन्हा वापरलं तर पुष्कळ पाणी वाचतं. पण एका आजारी रोपाचा रोग त्याच पाण्यातून सगळ्या शेडभर हिंडतो. ते पाणी कसं शुद्ध करावं, हे तिच्या संशोधनाचं काम. प्रयोग बाबांच्या दोन शेडमध्ये चालू होता. पहिल्या शेडचं परत आलेलं पाणी वाळूच्या थरांतून सावकाश झिरपायचं आणि जंतू मारणाऱ्या दिव्याखालून जायचं. दुसऱ्या शेडचं पाणी फक्त चाळणीतून जायचं, पाला आणि माती अडवण्यापुरतं, आणि जसंच्या तसं परत रोपांना. यंत्रं कुलूपबंद खोक्यांत होती. टाक्या सारख्याच, नळ्या सारख्याच. कुठलं पाणी कुठलं, हे मालकाला कळू द्यायचं नाही, असा नियम होता. कळलं तर तो कच्च्या पाण्याच्या रोपांना जास्त जपणार आणि तुलना फुकट जाणार.

पण दोन्हींतलं एक पाणी कच्चं आहे, एवढं मालकाला आधी सांगायचं, असाही नियम होता. तो तिने पाळला नव्हता. "दोन्ही पाणी शुद्धच असतं बाबा, पद्धत तेवढी वेगळी," असं ती म्हणाली होती. खरं सांगितलं असतं तर बाबांनी आपल्या रोपांना कच्चं पाणी लावू दिलं नसतं, आणि मग दुसरी नर्सरी शोधत ती कुठे वणवण फिरणार होती? बाबांनी जास्त विचारलंही नाही. "तू आहेस म्हटल्यावर मी कशाला नाक खुपसू?" म्हणाले आणि सही करून मोकळे झाले.

मग दुसऱ्या शेडमधली रोपं माना टाकायला लागली. उपटून बघावं तर मूळ तपकिरी, चिमटीत धरलं की वरची साल सुटून यायची आणि आत नुसता दोरा उरायचा. बाबांनी माती बदलली. चाकू उकळून घेतले. कुंड्या घासल्या. पाण्यावर त्यांचा संशय गेला नाही, कारण पाणी लेकीचं होतं. सगळं करून थकल्यावर त्यांना एकच गोष्ट उरलेली दिसली. आजवर लोक त्यांच्या हाताला गुण आहे म्हणायचे. मरायला टेकलेली झाडं कुंडीसकट त्यांच्याकडे आणून सोडायचे. तो गुण गेला, असं त्यांनी मनाशी ठरवलं आणि दुसऱ्या शेडमध्ये हात लावणं बंद केलं.

ती बाटली भरत असताना बाबा तिच्या मागे येऊन उभे राहिले.

"तू एवढी शिकलीस. खरं सांग, माणसाचा हात जातो का गं?"

"असं काही नसतं, बाबा."

"मग काय असतं?"

तिने बाटलीचं झाकण घट्ट केलं. मग पुन्हा उघडून पुन्हा घट्ट केलं. "बघतेय ना मी. तपासण्या झाल्या की कळेल."

"तपास, तपास," ते म्हणाले. "मला काय, मी पहिल्या शेडमध्ये बसतो. तिथली पोरं अजून ओळख देतात."

तो त्यांचा विनोद होता आणि ती त्यावर हसलीसुद्धा. गाडीत बसल्यावर तिने स्वतःची समजूत घातली, की हंगाम संपू दे, आकडे हातात आले की सगळं नीट समजावून सांगू. ते हसतील, चार शिव्या घालतील आणि विषय संपेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा नर्सरीत जायला निघाले, बूट घालायला वाकले आणि तिथेच कलंडले. आईने हाक मारली तेव्हा एक बूट पायात होता.

पुढचे दिवस सांत्वनाला आलेल्या माणसांचे होते. येणाऱ्यांसाठी खुर्च्या मांडायच्या, जाणाऱ्यांना फाटकापर्यंत सोडायचं. तिने रडून घेतलं ते न्हाणीघरात, नळ सोडून. तेव्हाही वाहत्या पाण्याकडे बघताना तिला लाज वाटली. दुःखाच्याही आधी लाजच येऊन बसत होती.

संशोधनाच्या प्रमुख मॅडम भेटायला आल्या. हलक्या आवाजात म्हणाल्या, "आत्ता बोलू नये, पण तुझे निकाल फार चांगले येतायत. दोन शेडमध्ये इतका स्वच्छ फरक कोणाला मिळाला नव्हता. वडिलांना कल्पना होती ना, एक पाणी कच्चं आहे म्हणून?"

"हो," ती म्हणाली.

"मोठं मन लागतं त्याला," मॅडम म्हणाल्या. तिला वाटलं, बसल्या जागी खुर्चीसकट खाली जावं.

कारण तिला एक गोष्ट आठवत होती. दुसऱ्या शेडमधला पहिला कोमेजलेला ट्रे दिसला, त्या दिवशी तिने टाकीच्या आडोशाला जाऊन याच मॅडमना फोन लावला होता. आवाज दाबून, पण उड्या मारायच्याच बाकी ठेवून. "लागली मॅडम, मर लागली! मुळं कुजतायत!" म्हणाली होती. आणि शेडच्या कापडापलीकडे बाबा एकेक रोप उचलून उजेडात धरत होते.

मग एके दुपारी पलीकडच्या नर्सरीचे गुलाबवाले काका आले. आईने बोलावलं होतं. तिला दुसरी शेड त्यांना चालवायला द्यायची होती. "पहिली मी बघेन," ती म्हणाली, "दुसरीत माझा पाय वळत नाही."

तिघं शेडमध्ये गेले. काकांनी एक रोप उपसलं, मूळ बोटांत चोळलं आणि मान हलवली.

"वाईट वाटून घेऊ नका वहिनी," ते म्हणाले, "पण शेवटी शेवटी त्याचा हात गेला होता. होतं असं वयाने. आमच्या थोरल्याचंही झालं. माणूस सोन्यासारखा होता, त्याबद्दल शंकाच नाही."

"मलाही कळत होतं हो," आई म्हणाली. तिने पदराने नाक पुसलं. "एकदा चिडून मीच बोलले त्यांना, की आता तुम्ही हात लावूच नका, लावाल ते मरतंय. तेव्हापासून ते दारात उभे राहायचे. मी ते बोलायला नको होतं. रात्रंदिवस तेच कानात वाजतं माझ्या."

लेक ट्रेच्या रांगेजवळ उभी होती. दाराची गोष्ट तिला माहीत होती, त्यामागचं हे वाक्य माहीत नव्हतं. गप्प राहणं आताही सोपं होतं. काकांनी मान डोलावली होती, आई नाक पुसून सावरत होती, शेडचं ठरलं की सगळे चहाला जाणार होते. आणि पुढे आयुष्यभर आईने ते ओझं वागवलं असतं आणि काकांनी चार ठिकाणी हात गेल्याची गोष्ट हळहळत सांगितली असती.

"आई, बाबांचा हात गेला नव्हता."

"असू दे गं. आता काय त्याचं."

"नाही, ऐक. काका, तुम्हीपण ऐका." तिचा आवाज फाटला. तिने तो तसाच पुढे रेटला. "या शेडचं पाणी कच्चं होतं. रोग त्यातून येत होता. पहिलीचं तेवढं शुद्ध केलेलं. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी बाबांना सांगितलं, दोन्ही शुद्ध आहे."

काकांच्या हातातलं रोप तसंच राहिलं. आई तिच्याकडे बघत होती, जणू तिला नीट ऐकू आलं नव्हतं.

"त्यांनी मला विचारलं होतं," ती म्हणाली. "जायच्या आदल्या दिवशी. हात जातो का म्हणून. तेव्हाही मी सांगितलं नाही. तुझ्यामुळे नाही ते दारात उभे राहिले, आई. माझ्यामुळे. आणि रोपं मरायला लागली ना, तेव्हा मला आनंद झाला होता."