एका महिन्याचे पंतप्रधान

दर्शन गेला आणि माझे सासरे, बाबा, पुण्याहून सिंगापूरला, आमच्या पुंगोलच्या घरी आले. दर्शन म्हणजे माझा नवरा. ऑफिसात खुर्चीत बसल्याबसल्याच त्याचं हृदय थांबलं. त्याच्या एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरीच्या परवान्यावर, मी आणि आमची मुलगी किमया इथं राहत होतो, तेव्हा त्याच्याबरोबर आमचा पासही संपला. पुढचं ठरवायला आम्हाला महिनाभराची मुदत मिळाली. तेवढ्याच मुदतीचा व्हिसा घेऊन बाबा आले.

बाबा निवृत्त जिल्हा न्यायाधीश. माणूस सज्जन, पण त्यांचं कोर्ट कधी उठतच नाही. चहात साखर कमी पडली तरी ‘असं माझं निरीक्षण आहे’ म्हणणार. मुलगा गेल्याचं दुःखही त्यांनी असंच, ताठ बसून सोसलं. मला त्याचा राग यायचा. मी भांडी आपटत रडत होते, आणि हे आपले पेपर घडी करून ठेवत होते.

किमया शाळेतून आली की ते तिला खाली वॉटरवेच्या, म्हणजे कालव्याकाठच्या बाकावर न्यायचे आणि एका ग्रीक न्यायाधीशाची गोष्ट सांगायचे. सासूबाई असताना दोघं युरोप टूरला गेले होते, तेव्हा अथेन्सच्या गाइडनं ती सांगितली होती. त्यात खरं किती आणि बाबांच्या पदरचं किती, देव जाणे.

हा न्यायाधीश एका लहानशा बेटावर, कोळ्याच्या घरी जन्मला. शिकला, चढत चढत देशाच्या सर्वांत मोठ्या कोर्टात पोचला. लाच सोडाच, कुणाच्या लग्नाला जेवायलाही जायचा नाही. एकदा निवडणुकीत कुणालाच बहुमत मिळालं नाही, पुढाऱ्यांचं आपसात जमेना, म्हणून पुन्हा मतदान होईपर्यंत यालाच पंतप्रधान केलं. बेटावरची माणसं भेटायला आली. म्हणाली, हिवाळ्यात आमची बोट बंद असते, औषधावाचून माणसं दगावतात, एक सही कर. त्यानं केली नाही. काळजीवाहू पंतप्रधानानं नवे निर्णय घ्यायचे नसतात, स्वतःच्या गावासाठी तर नाहीच. निवडणूक झाली, नव्या माणसाकडे कारभार सोपवला आणि तो बसनं घरी गेला. बेटानं पुढं त्याच्याशी बोलणं टाकलं. शहरातच एकटा वारला. हा शेवट बाबा फार अभिमानानं सांगायचे.

“देन द बोट हाउ?” किमया तिच्या इथल्या शाळेतल्या इंग्रजीत विचारायची.

“ते नव्या सरकारनं बघायचं.”

“सो मीन ला, आजोबा.” म्हणजे किती दुष्ट तो.

बाबांनी आमच्या घरातही तसंच सरकार चालवलं. किमयाला शाळेत सोडलं, बँकेच्या रांगा लावल्या, मला जेवायला बसवलं. पण दर्शनच्या चपला शू-रॅकवरून काढू का विचारलं, तर “ते तू ठरव.” मार्केटातून भेंडी आणू की दुधी, तर “तू म्हणशील ते.” माझं डोकं फिरायचं.

त्यातच, किमया होण्याआधी मी जिथं काम करायचे त्या कंपनीनं मला नोकरी देऊ केली. हो म्हटलं तर माझा पास, आणि माझ्यावर किमयाचा. उत्तर लगेच हवं होतं. मी बाबांसमोर जाऊन बसले.

“बाबा, मी काय करू?”

“दोन्ही बाजू मांड,” ते म्हणाले.

मांडल्या. इथं किमयाची शाळा आणि माझा पगार, पण आम्ही दोघीच. पुण्यात घर आहे, तुम्ही आहात, नोकरीचं बघावं लागेल. सगळं ऐकून झाल्यावर ते म्हणाले, “निर्णय तुझा. तू जे ठरवशील त्याला माझा पाठिंबा आहे.”

मी समजायचं ते समजले. म्हातारपणी विधवा सून आणि नात कुणाला हवी असते गळ्यात? मी सही केली. आपण इथंच राहणार असं किमयाला सांगितलं, तशी ती दर्शन गेल्यापासून पहिल्यांदा सलग झोपली. माझा पास मंजूर झाला आणि बाबांची जायची तारीख आली.

चांगी विमानतळावर बॅग टाकून झाली. किमया आजोबांच्या हाताला लोंबकळत होती.

“आजोबा, हॉलिडेत इन पुणे, माय रूम कुठला?”

“रस्त्याकडची. पिवळा रंग दिलाय तिला,” बाबा म्हणाले. “खिडकीतून शाळा दिसते तुझी.”

“कुठली शाळा?” मी विचारलं.

ते इकडंतिकडं बघत म्हणाले, “निघण्याआधी चौकशी करून आलो होतो. जागा ठेवतो म्हणाल्या मुख्याध्यापिका.”

“आणि मला बोलला नाहीत?”

“कसा बोलणार? मला तुम्ही दोघी हव्या होतात. ज्याचा स्वार्थ असतो, त्यानं त्या खटल्यात बसू नये. सगळं आयुष्य तेच पाळलं.”

“मी निकाल मागितला नव्हता, बाबा.” माझा आवाज चढला, माणसं बघायला लागली. “मला कुणीतरी चल म्हणायला हवं होतं. महिनाभर वाट बघितली मी.”

“म्हटलं असतं तर आली असतीस?”

“त्याच दिवशी.”

त्यांनी किमयाकडे पाहिलं. मीही पाहिलं. तिला शब्द दिला होता. तिचं एक सगळं जग नुकतंच गेलं होतं, उरलेलं मी कशी काढून घेणार? मी नकारार्थी मान हलवली. त्यांना कळलं. “बरोबर आहे,” म्हणाले आणि पासपोर्ट काढून आत जाणाऱ्या रांगेत उभे राहिले.

त्यांचा नंबर आला तसे ते रांग सोडून परत आले. त्यांना रडताना मी पहिल्यांदाच बघत होते.

“उल्का, चल घरी,” ते म्हणाले. “तू येणार नाहीस, माहीत आहे. पण म्हणायचं राहायला नको.”