चांदमारीवरची हवा

जयपूरच्या आमच्या रायफल क्लबात कुणाचीही गोळी उजवीकडे गेली, की दोष हवेचा. "पहाडी की हवा है, थोडा बायें पकडिए," असं क्लबप्रमुख मेजर राठोड सगळ्यांना शिकवत. मी गिरिजा दामले, कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारी. एकसष्ट सालच्या त्या रविवारी राज्याच्या संघाची निवड होती आणि मला त्या संघात जायचंच होतं. तीन वर्षं जीव तोडून सराव केला होता.

शनिवारी चांदमारीवर, म्हणजे क्लबाच्या नेमबाजीच्या मैदानावर, झाडाचं पानसुद्धा हलत नव्हतं. तरी पन्नास यार्डांवर मधोमध बसणाऱ्या माझ्या गोळ्या दोनशेवर वीतभर उजवीकडे! माझं टाळकंच सरकलं. पान हलत नाही आणि हवा कसली?

रायफलीवर दुर्बीण बसवताना तिच्यातली उभी रेघ टार्गेटच्या खांबाशी जुळवायची, ही क्लबातली रीत. खांब खुद्द मेजरसाहेबांनी रोवलेला, त्यामुळे त्याच्यावर शंका घेणं म्हणजे पाप. मी सायकलरिक्षाने बनी पार्कात घरी गेले, शेजारच्या बांधकामावरून गवंड्याचा ओळंबा आणि पाणसळ मागून घेतली, आणि परत येऊन ओळंबा खांबापुढे धरला. खांब चांगला दोन बोटं उजवीकडे कललेला! म्हणजे आमच्या सगळ्यांच्या दुर्बिणी तिरक्या. लांबच्या नेमासाठी दुर्बिणीवरची चकती फिरवली, की गोळी वर चढताना उजवीकडेही सरकणार.

"वेडी झालीस का?" मी रायफल घेऊन घरी आले, तशी माझे यजमान उमाकांत म्हणाले. "उद्या निवड, आणि आज दुर्बीण उघडतेस?"

उघडली. पाणसळ लावून रायफल सपाट धरायला त्यांनाच बसवलं. अंगणाच्या टोकाला ओळंबा टांगला, रेघ त्याच्या दोरीशी जुळवली आणि स्क्रू आवळले. सकाळी पन्नास यार्डांवर नेम पुन्हा बसवून घेतला.

निवडीत दोनशे यार्डांवर सगळ्यांनी डावीकडे धरलं. मी सरळ मधोमध.

"बाईजी, हवा!" मेजर मागून ओरडले.

माझं चुकलं असेल, तर तीन वर्षं पाण्यात.

पाच गोळ्या झाडल्या. टार्गेट आणलं, तर पाचही भोकं ऐन मध्यात, एका वाटीखाली झाकली जातील इतकी जवळजवळ! मी साडीतच उडी मारली. उमाकांतांनी आनंदाच्या भरात शेजारच्या अनोळखी माणसालाच मिठी मारली. यादीत पहिलं नाव माझं लागलं.

मेजरसाहेबांनी मला बाजूला बोलावलं. मी खांबाचं खरं ते सांगून टाकलं. त्यांनी खांद्यावरची स्वतःची रायफल उतरवून माझ्या हातात दिली.

"पहले इसे सीधा कर दीजिए, मास्टरनीजी."