मागच्या टर्बोतला गाळ

चांगूने मागच्या टर्बोची दांडी दोन बोटांत धरून हलवली. जी केसभरही हलायला नको ती सैल दातासारखी डुगडुगली. मग त्याने पुढच्या टर्बोची दांडी धरली. ती जागची हलेना, आणि बोट लावलं की गरगर फिरे. एकाच इंजिनातले दोन टर्बो, दोघांनी प्यायलेलं तेल एकच, आणि एक ठणठणीत, एक मेलेला. म्हणजे तेलाचा रस्ता एकाचाच तुंबला. पुढे काय दिसणार ते त्याला उघडण्याआधीच कळलं होतं.

त्याचं गॅरेज पोलादपूरला, हायवेला लागून. गाव वर डोंगरात, कुडपण. बावीस वर्षं अंधेरीत परदेशी गाड्यांच्या खाली पालथं पडून काढली आणि मग परत आला. पनवेलपासून चिपळूणपर्यंत दोन टर्बोंचं पेट्रोल इंजिन उघडून पुन्हा जोडील असा हा एकच माणूस, असं लोक म्हणत. चांगू ते खोडून काढत नसे.

गाडी महाडच्या मुकुलची. मुकुल म्हणजे एमआयडीसीतल्या कारखान्यांना गाड्या आणि ड्रायव्हर पुरवणारा ठेकेदार. त्याने हौसेने एक जुनी विलायती गाडी घेतली होती. तीन लिटरचं इंजिन, सहा सिलिंडर. पुढच्या तिघांना हवा कोंबणारा एक टर्बो, मागच्या तिघांना दुसरा. तीनशेच्या वर हॉर्सपॉवर. महाडच्या बाजारपेठेत जिथे रिक्षाला वळताना शिव्या खाव्या लागतात, तिथे तीनशे घोडे. पण हौसेला कोण विचारतं.

इंजिनाशी चांगूचं वैर नव्हतं. त्याचे सगळे आजार त्याला तोंडपाठ होते. जास्त दाबाचा पेट्रोल पंप दमतो, मग सकाळी गाडी लवकर चालू होत नाही. पाण्याचा पंप विजेवर चालतो आणि न सांगता मरतो. तेलाच्या फिल्टरखालचं गॅस्केट पाझरतं. आणि सगळ्यात नाजूक जागा ही दांडी. मिनिटाला लाखभर फेरे घेते आणि तिला सांभाळायला असतो तेलाचा पापुद्रा, दुसरं काही नाही. घाट चढून तापलेलं इंजिन खटकन बंद केलं की तेल थांबतं, आतलं तेल जळतं आणि काळा खर धरतो. म्हणून बंद करण्याआधी मिनिटभर तसंच चालू ठेवायचं. हे त्याने तेजश्रीला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं.

तेजश्री कुडपणचीच. मुंबईत चार वर्षं टॅक्सी चालवून गावी परतलेली. मुकुलच्या आईला, अंबिकाबाईंना, डोळ्यांसाठी दर महिन्याला साताऱ्याला न्यावं लागे आणि त्यांना बाई ड्रायव्हर हवी होती, म्हणून मुकुलने तिला ठेवलं. गेल्या गुरुवारी आंबेनळी घाटात चढावर गाडीने शिट्टीसारखा आवाज केला, मागे निळ्या धुराचा लोट सोडला आणि जीव टाकला. तेजश्रीने गाडी कडेला घेतली, चाकाला दगड लावले आणि म्हातारीला सावलीत बसवून फोन केले. कुणाला खरचटलंही नाही.

चांगूने मागच्या टर्बोला तेल नेणाऱ्या नळीचा पोकळ बोल्ट सोडला. त्याच्या पोटात बारीक जाळी असते. जाळीत काळा खर नव्हता. जाळी तपकिरी, मऊ गाळाने गच्च भरली होती. त्याने चिमटीत घेऊन चोळला. पुराचा गाळ. महाडात ज्याने एकदा पूर काढलाय त्याला तो डोळे मिटूनही ओळखू येतो.

जुलैत मुकुलच्या गल्लीत सावित्रीचं पाणी शिरलं, तेव्हा ही गाडी बॉनेटपर्यंत बुडाली होती. चांगूने दोन हजार एकवीसच्या पुरात जे केलं तेच तेव्हाही केलं. प्लग काढले, पाणी काढलं, फिल्टर काढून इंजिनात डिझेल ओतलं आणि कॉम्प्रेसरची हवा मारून आतले रस्ते धुतले. एकवीसला त्याने अशा दोनएकशे गाड्या उठवल्या होत्या. बोलेरो, मारुती, पिकअप. 'डिझेलनं धुणारा चांगू' हे नाव त्यातूनच पडलं. त्या इंजिनांतले तेलाचे रस्ते रुंद, गाळ डिझेलबरोबर खाली पडायचा. इथे हवेने तो वर ढकलला आणि मागच्या टर्बोच्या जाळीत नेऊन बसवला. नळ्या आणि बोल्ट सोडून वेगळे धुवायला हवे होते. चांगूला ते माहीत नव्हतं असं नाही. पण मुकुलला गाडी साखरपुड्यासाठी दोन दिवसांत हवी होती आणि चांगूला आपल्या डिझेलची घमेंड होती. चार महिने त्या टर्बोने अर्धपोटी काम केलं आणि घाटात मान टाकली.

त्याने बोल्ट फडक्यात गुंडाळून खिशात टाकला. का टाकला, ते स्वतःलाही विचारलं नाही.

दुपारी मुकुल आला. "चांगूशेठ, इंजिन मिळालं. कुर्ल्याला. त्याच कंपनीचं, तीन लिटर, सहा सिलिंडर. सेम टू सेम. आणू का?"

चांगूने फोनवरचा फोटो मोठा केला. "सेम नाय. ह्याला एकच टर्बो हाय."

"एक कमी म्हणजे एक कटकट कमी."

"हे पुढच्या पिढीतलं हाय, मुकुलशेठ. जागेवर बसंल. पन इंजेक्टर वेगळे, वायरींचे जोड वेगळे, तुमच्या गाडीचा कॉम्प्युटर ह्याला वळखायचा नाय. चुलतभावाला सख्खा म्हनून घरात घेतल्यासारखं हुईल. तुमचंच इंजिन चांगलं हाय. मागचा टर्बो तेवढा बदलू."

"पण गेला कशानं?"

चांगू पान्याला लागलेलं ऑइल पुसू लागला.

"मी सांगतो," मुकुल म्हणाला. "वर पोचली, चहाची तलफ आली, खटकन चावी फिरवली. बाईच्या हातात एवढी पॉवर दिली ही माझीच चूक. आईचं ऐकलं. तुम्हीच म्हणता ना, तापलेलं इंजिन बंद केलं की टर्बो जातो?"

"जातो."

"मग तेवढंच लिहून द्या. लेटरहेडवर."

लेटरहेड कशाला हवं होतं, तेही ऐका. एमआयडीसीतल्या एका औषध कारखान्याला अँब्युलन्सवर ड्रायव्हर घ्यायचा होता. कायमची नोकरी, कारखान्याच्या पटावर. तेजश्रीने अर्ज केला होता आणि तिचं नाव पहिलं होतं. मुकुलला तिथे स्वतःचा माणूस चिकटवायचा होता. हे तो बोलला नाही, पण महाडात असल्या गोष्टी बोलाव्या लागत नाहीत.

चांगूने लिहिलं. 'सदर प्रकारच्या ट्विन टर्बो इंजिनात चालकाने गरम इंजिन तात्काळ बंद केल्यास टर्बो निकामी होतो. आपल्या वाहनाचा मागील टर्बो निकामी झाला आहे.' खाली सही, शिक्का. दोन वाक्यं. दोन्ही शंभर टक्के खरी. कोर्टात नेलं असतं तरी कुणी त्याला खोटारडा म्हटलं नसतं. माणसाला गाडायला खोटं बोलावं लागतं असं ज्यांना वाटतं, ते कधी कचेरीची पायरी चढलेले नसतात. दोन खरी वाक्यं शेजारी शेजारी बसवायची, मधली जागा वाचणारा आपल्या मनाने भरतो. चांगू सातवी शिकला, पण ही विद्या त्याला बरोबर जमली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेजश्री आली. चांगूला वाटलं, भांडायला आली असेल. त्याने उत्तरं जुळवून ठेवली होती. ती स्टुलावर बसली आणि सुटे भाग बघत राहिली.

"काका, कारखान्यातल्या मॅडमनी मला पत्र वाचून दाखवलं."

"बरं."

"मी दर वेळी घड्याळ लावून थांबलंय. नव्वद सेकंद. अंबिकाबाई हसायच्या मला. म्हनायच्या, गाडीला निवद दाखवतेस का गो. त्या दिशी तर चढावर चालत्या गाडीतच गेला तो, मी कुठं बंद केलीवती."

"हं."

"पन तुमी लिवलंत म्हंजे काय तरी चुकलंच असनार. तुमी उगाच लिवनार नाय." तिने मान वर केली. "मला फक्त सांगा, काय चुकलं. नव्वद कमी पडतात का? अँब्युलन्स दिलीच त्यांनी, तर तिथं तसं करायला नको. आत पेशंट असतो."

तिने आरोप केला असता तर तो तोंड वर करून बोलला असता, हे मी लिहून देतो. विश्वासापुढे माणूस उघडा पडतो आणि वर त्या विश्वासाचाच राग येतो.

"नव्वद पुरतात," तो म्हणाला.

"मग?"

"मशीन हाय गो. जातं कधीकधी."

"पत्रात तसं नाय लिवलंत."

त्याच्या मांडीला खिशातला बोल्ट टोचत होता. तो उठून कॉम्प्रेसर चालू करायला गेला. आवाजात बोलता येत नाही, हा गॅरेजचा मोठा फायदा. कॉम्प्रेसर बंद केला तेव्हा स्टूल रिकामं होतं.

दोन दिवस तो दुसऱ्या गाड्यांना हात लावायचा आणि सोडून द्यायचा. एका गिऱ्हाइकाने विचारलं, "बोलेरोत थोडं पाणी गेलंय, डिझेलनं धुवून देता का?" चांगू त्याच्यावर असा खेकसला की ते गिऱ्हाईक समोरच्या टायरवाल्याकडे जाऊन बसलं. बायको रखमा म्हणाली, "कुनावर चिडलायत ते त्यालाच सांगा. आमी काय पाप केलं?"

सोमवारी सकाळी तो महाडची एसटी धरून एमआयडीसीत उतरला. कारखान्याच्या गेटवर नाव लिहिलं, पांढरं हेल्मेट घातलं आणि सुरक्षा अधिकारी इरावती मॅडमच्या टेबलावर फडकं सोडलं.

"हे काय आहे?"

"बोल्ट. ह्यातनं टर्बोला तेल जातं. जाळीत बघा."

त्यांनी चष्मा लावून पाहिलं. "माती दिसतेय."

"पुराचा गाळ हाय. जुलैत मी इंजिन धुतलं तेव्हा मीच वर ढकलला. गरम इंजिन बंद केलं असतं तर काळा खर दिसला असता. खर नाय. पोरीचं काय चुकलेलं नाय."

इरावतीबाईंनी फाइलमधून त्याचं पत्र काढलं. "मग हे?"

"ते खोटं हाय."

त्यांनी ते पुन्हा वाचलं. "यातलं नेमकं काय खोटं? प्रत्येक वाक्य बरोबर आहे ना?"

"वाक्यं बरोबर हायत. पत्र खोटं हाय."

त्यांनी पत्र बोल्टाशेजारी ठेवलं. "या पत्रावरून मी तिचं नाव तिसऱ्या नंबरवर टाकलं. आज तिघांची ट्रायल आहे. तुम्ही आत्ता जे बोललात ते लेखी लागेल. 'सदर प्रकारचे इंजिन' वगैरे नको. कोणी, काय, कधी केलं ते. आणि हे पत्र मुकुलनाही जाईल, त्यांचा आमच्याशी करार आहे."

"जाऊ द्या."

"गॅरेज चालतं ना तुमचं?"

"आजपत्तूर चाललं."

कोरा कागद मिळाला. 'मी' या पहिल्याच अक्षरावर त्याचा हात अडला. आयुष्यात बिलांवर, पत्रांवर त्याने 'सदर', 'आपले', 'करण्यात आले' एवढंच लिहिलं होतं. 'करण्यात आले' म्हटलं की करणारा सुटतो. कागदावर 'मी' कधी लिहायलाच लागला नव्हता. त्याने लिहिलं. मी डिझेल मारलं. मी नळ्या सोडल्या नाहीत. मी आधी जे पत्र दिलं ते चालकावर ढकलण्यासाठी दिलं. दोनशे गाड्यांची कीर्ती चार ओळींत घालवून त्याने खाली सही केली.

बाहेर आवारात अँब्युलन्स उभी होती. तेजश्री स्टिअरिंगवर बसून आरसे नीट करत होती. इरावतीबाई खिडकीशी जाऊन तिच्याशी दोनतीन वाक्यं बोलल्या, कागद दाखवला. तेजश्रीने तो शेवटपर्यंत वाचला आणि परत दिला. चांगू दोन पावलं पुढे गेला.

"तेजश्री, मी तवाच बोलायला हवं होतं गो."

"मी तीन रात्री सेकंद मोजत झोपलंय, काका," ती म्हणाली. आवाज चढला नाही. "वाटलं, माज्या हातातच काय तरी खोट हाय."

त्याला म्हणायचं होतं, खोट माझ्या हातात होती. ते त्याने नुकतंच लिहून दिलं होतं, पण तिच्या तोंडावर ते म्हणणं वेगळं, आणि ते जमलं नाही.

शिट्टी वाजली. पहिली परीक्षा दोन ड्रमच्या मधून गाडी मागे घेण्याची होती. चांगू नेमका त्या दोन ड्रमच्या मधे उभा होता.

"बाजूला व्हा," तेजश्री आरशात बघत म्हणाली. "मागं घ्यायचीय."