श्रद्धा जेवत नाही

पूर्णिमानं एकदा ठरवलं की ठरवलं. सदाशिव पेठेतल्या त्या फ्लॅटमध्ये दुसऱ्या कुणी काही ठरवायची पद्धतच नव्हती. नवरा दत्तप्रसाद बँकेत होता, त्यामुळे पुढ्यात आलेल्या गोष्टीवर मुकाट्यानं सही करायची त्याला सवय होती. नववीतली श्रद्धा शाळेच्या प्रार्थनेत चक्कर येऊन पडली आणि डॉक्टरांनी "पोरगी पोटभर जेवत नाही" एवढंच सांगितलं, त्या दिवशी संध्याकाळच्या आत पूर्णिमाला गुन्हेगार सापडलासुद्धा. तो दिवाणखान्याच्या कोपऱ्यात क्रोशाचा रुमाल पांघरून बसला होता.

त्या वर्षांत देशात सौंदर्यस्पर्धांचं नुसतं पेव फुटलं होतं. मुकुट घातलेल्या मुली टीव्हीवर हसत होत्या, साबण विकत होत्या, जगात शांतता नांदावी म्हणत होत्या. आणि इकडे श्रद्धा अर्धी पोळी खाऊन अर्धी डब्यात परत ठेवत होती. यातून निष्कर्ष काढायला पूर्णिमाला कुणाची मदत नको होती. वर्षापूर्वीच ती एका नव्या सॉफ्टवेअर कंपनीत हिशेब विभागात लागली होती आणि तिथंही तिच्यापुढं कुणाचं चालत नसे.

केबलवाला आफताब वायर काढायला आला. दर जूनमध्ये पेठेतले दहावीचे पालक केबल काढायला सांगत, त्यामुळे त्याला त्याचं नवल नव्हतं.

"पण श्रद्धाची दहावी पुढच्या वर्षी ना, वहिनी?"

"दहावीचं नाही. जेवत नाही ती. तुमच्या त्या टीव्हीवरच्या काड्या बघून."

"केबल काढून मुली जेवायला लागल्या असत्या, तर मी दवाखानाच टाकला असता," आफताब वायर गुंडाळता गुंडाळता म्हणाला.

"वायर काढायला बोलावलंय मी तुम्हाला. सल्ला द्यायला नाही."

केबल गेली. श्रद्धा तरीही जेवली नाही. मग पूर्णिमानं मोर्चा पुढं वळवला. पेपर आला रे आला, की त्यातली रंगीत पुरवणी थेट रद्दीत जाऊ लागली. मैत्रिणीनं वाचायला दिलेलं मासिक न उघडताच परत गेलं. स्वारगेटच्या चौकात एका सडपातळ बाईचं भलंमोठं होर्डिंग लागलं होतं, तर पोरीचा क्लासला जायचा रस्ताच बदलला.

"आता तिच्या डोळ्यांना झापडं तेवढी बांधायची राहिली," दत्तप्रसाद म्हणाला. पूर्णिमानं त्याच्याकडे असं काही पाहिलं, की पुढचं वाक्य त्यानं चहाबरोबर गिळून टाकलं.

पण पोरगी दिवसेंदिवस वाळतच चालली. हातातलं घड्याळ कोपराकडं सरकायला लागलं. बंद करण्यासारखं घरात काही उरलं नाही, तेव्हा मात्र पूर्णिमाला भीती वाटली. घाबरल्याचं दाखवणं तिच्या स्वभावात नव्हतं, पण आपली पोर आपल्या डोळ्यांदेखत हातची जाईल, हा विचार तिची पाठ सोडत नव्हता.

रविवारी दत्तप्रसाद बहिणीकडे कात्रजला गेला. घरात दोघीच. पूर्णिमानं साग्रसंगीत स्वयंपाक केला, श्रद्धाच्या आवडीचं अळूचं फदफदंसुद्धा. ताटात भाताची मूद पाडली, वर वरण, वर तूप, आणि खुर्ची ओढून लेकीच्या समोर ठाण मांडून बसली.

"हे संपल्याशिवाय उठायचं नाही. मी इथंच आहे."

"तू नाही वाढून घेत?"

"माझं झालंय. काकडी खाल्ली मी."

श्रद्धानं मूद बोटानं सपाट केली. "आई, तू भात शेवटचा कधी खाल्लास?"

"विषय माझा नाही चाललाय."

"नव्या ऑफिसला जायला लागल्यापासून नाही खाल्लास."

"तिथं नीटनेटकं दिसावं लागतं, बाळा. माझी गोष्ट वेगळी. तुझं वाढीचं वय आहे."

"रोज सकाळी आरशासमोर तू काय म्हणतेस, माहितीये?"

पूर्णिमाला खरोखरच माहीत नव्हतं. रोजचं बोलणं कोण लक्षात ठेवतं?

"म्हणतेस, काय ही म्हैस. चारचौघांत जायची लाज वाटते." श्रद्धा रडत नव्हती. फळ्यावर गणित सोडवून दाखवावं तशी एकेक पायरी सांगत होती. "आणि आत्या, शेजारच्या काकू, शाळेतल्या बाई, सगळे मला म्हणतात, अगदी आईवर गेलीस हो. तेच नाक, तीच चण. तूपण म्हणतेस, कौतुकानं. मग मी काय समजायचं?"

टीव्हीवरच्या बायांना पूर्णिमानं घराबाहेर काढलं होतं आणि त्यांचं काम रोज सकाळी स्वतःच्या तोंडानं चालू ठेवलं होतं. तिला लाज वाटली, चांगली सणसणीत वाटली. पण लाज वाटली म्हणून डोळ्यांना पदर लावून बसणाऱ्यांतली ती नव्हती.

ती उठली, ताट घेतलं, भात वाढून घेतला. श्रद्धाएवढाच. मग क्षणभर थांबून आणखी एक मूद, वरण, आणि हात आखडता न घेता तूप.

"चुकलं माझं," ती म्हणाली. हे वाक्य त्या घरानं तिच्या तोंडून ऐकलेलं नव्हतं. "पुन्हा तसं बोलले, तर तिथल्या तिथं टोकायचं मला. बाबांसारखं गप्प नाही बसायचं."

"तू चिडशील."

"चिडेन. तरी टोकायचं."

तिनं भात कालवला आणि पहिला घास तोंडात घातला. श्रद्धा तिच्याकडे बघत होती. घास गिळला जाईपर्यंत बघत राहिली. पूर्णिमानं दुसरा घेतला, तिसरा घेतला, ताटाच्या कडेचं फदफदं ओढलं. मग समोरून श्रद्धानं आपलं ताट जवळ घेतलं आणि ती भात कालवायला लागली.