हसून हो म्हण

उंबऱ्याबाहेर झाकण घातलेली वाटी, अजून गरम.

चादरीची घडी घालायला दोघी लागतात. टोकं जुळवायची, एकमेकींकडे चालत यायचं, तोंडाकडे न बघता परत फिरायचं.

मऊ चामड्याचे जोडे. पायात चपखल बसणारे, पण टाचा आधीच झिजलेल्या.

गुडघ्यावरचा जुना व्रण.

यांतली वाटी पहिली आली.

त्याच्या आदल्या दिवशी जिन्यात तिला खालच्या मजल्यावरची म्हातारी भेटली होती. म्हातारीने काहीतरी विचारलं आणि ती हसून ‘हो’ म्हणाली. नवऱ्याची शिकवणच तशी होती. परक्या मुलखात भाषा अंगवळणी पडेपर्यंत हा एकच शब्द पुरतो, असं त्याचं म्हणणं.

“कळलं नाही तरी हसून हो म्हण. नाही म्हटलं की कारण द्यावं लागतं.”

“आणि कुणी विचारलं, डोकं फिरलंय का तुझं?”

“मग तर खरं बोलल्याचं पुण्यही पदरात पडेल.”

इथे येऊन वर्ष उलटलं तरी तिला कुणी ओळख दिली नव्हती. हॉटेलच्या धुलाईखान्यात चादरीचं दुसरं टोक धरणारी बाईसुद्धा तिच्या खांद्यावरून भिंतीकडे बघायची. घरी आल्यावर ती विचारायची, “अहो, मी दिसते ना तुम्हाला?” तो हसायचा. ती हसत नसे.

त्या एका होकाराने मात्र चक्रं फिरली. वाटीमागोमाग जोडे आले. पाववाला रांगेतल्या बाकीच्यांना थांबवून तिचा पाव आधी बांधू लागला. जिन्यात बायका अडवून काही ना काही विचारायच्या, ती हो म्हणायची, की त्या तिच्या गालावरून हात फिरवायच्या. धुलाईखान्यातल्या बाईने तर एकदा चादर धरून सरळ तिच्या तोंडाकडे बघितलं आणि गुडघ्याकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. हो, ती म्हणाली.

संध्याकाळी पाय धुताना तो व्रण दिसला. पांढरट, टाक्यांच्या खुणांसकट. लहानपणी आपण कधी एवढं पडल्याचं तिला आठवेना. मग आठवलं. जिन्यावरून पडलो होतो. याच जिन्यावरून.

“रुळलीस की नाही, बघ,” नवरा म्हणाला. “मला अजून काळं कुत्रं विचारत नाही.”

त्याच्या बोलण्यातले दोन-तीन शब्द तिला कळले नाहीत. ती हसून हो म्हणाली.

पुढे एका संध्याकाळी ती कामावरून आली, तर म्हातारीचं दार उघडं होतं. टेबलावर दोघींचं वाढलेलं. आपली खुर्ची कुठली हे तिला सांगावं लागलं नाही. जेवता जेवता वरून आवाज येत राहिला. त्यांच्या दाराच्या कुलपात कुणीतरी किल्ली फिरवत होतं आणि ती फिरत नव्हती. मग पावलं खाली आली. दारात नवरा.

“अगं, कुलूप कुणी बदललंय की काय? चल वर.”

म्हातारीने हातातला घास ताटलीत ठेवला. त्याच्यामागे जिन्यात बायका येऊन उभ्या होत्या, पाववालाही होता. कुणाच्या चेहऱ्यावर राग नव्हता. म्हातारी तिच्याकडे वळून बोलली, आणि त्या भाषेतला शब्दन् शब्द तिला पहिल्यांदाच लख्ख कळला.

“बाळ, हा माणूस परका आहे ना?”

आता नाही म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं की वाटी बंद, गालावरचे हात बंद, आणि चादरीपलीकडची नजर पुन्हा भिंतीवर. सगळे वाट बघत होते.

नवऱ्याला प्रश्न कळला नव्हता. इतकी माणसं आपल्याकडे बघताहेत म्हणून तो बावरला, मग हसला.

“हो,” तो म्हणाला.

तिने त्याला दुरुस्त केलं नाही. ताटली जवळ ओढली. बायकांनी त्याच्या दंडाला धरून, अगदी हळुवारपणे, त्याला जिना उतरवला. खालचं मोठं दार लागल्याचा आवाज आला तेव्हा म्हातारी तिला आणखी वाढत होती.

आपलं गाव सोडून इथे यायचा हट्ट तिचा होता. तो यायला तयार नव्हता.